गुडघा, गाय आणि गहाण पावती: एवढ्यातेवढ्यासाठी देवाला साकडं घालावं का?

भिंगारकरीण

नमस्कार लोकहो, आणि आमच्या मंडळीतल्यांना, म्हणजे चर्चच्या लोकांना, सलाम.

मी मूळ नगरची, प्रोटेस्टंट, आता पुण्यात. माहेरी अजून आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी संध्याकाळची प्रार्थना असते. दोन-तीन गीतं, बायबलचं वचन, मग पाळक (पास्टर) विचारतात, "कुणाच्या काही विनंत्या?" गेल्या महिन्यात मी होते तेव्हाची यादी देते, कारण भांडण तिच्यावरूनच झालं. एकांचा गुडघा. एकीच्या मुलाची तलाठी भरतीची परीक्षा. एका घरची गाय व्यायला झालीय, दिवस उलटून गेलेत. एका काकूंची सोनाराकडची गहाण पावती सापडत नाहीये, दोन बांगड्या अडकल्यात. आणि शेवटी कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "नळाला पाणी रात्री दोनला येतंय, ते जरा माणसाच्या वेळेला यावं म्हणून प्रार्थना करा."

पाळक नवीन, तरुण. म्हणाले, "आजी, जगात युद्धं चाललीत, लोक तारणावाचून मरतायत आणि आपण देवाकडे नळाचं पाणी मागतोय. जरा मोठं मागायला शिकू या." आजी गप्प राहिल्या. प्रार्थना झाली, चहा-खारी झाली. बाहेर चपला घालताना मला म्हणाल्या, "मोठं त्यांनी मागावं. रात्री दोनला हंडे मी भरते."

माझं मन आजींकडे आहे. पण पाळकांचं वाक्यही डोक्यातून जात नाही. रोजच्या कटकटी देवाच्या कानावर घालणं ही श्रद्धा, की देवाला कामाला लावणं? तुमच्याकडे काय करतात? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, पण धर्मांतराचा धागा करू नका, हात जोडते.

खवचट खंडू

पाण्याच्या वेळेसाठी देवापेक्षा नगरसेवक जवळ पडेल.

भिंगारकरीण

@खंडू, नगरसेवक निवडणुकीनंतर दिसलेले नाहीत. देवाची निदान दर आठवड्याला गाठ पडते.

निर्मळचा बाबू

आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे हा प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण आमच्याकडे छोट्या गोष्टींचीच परंपरा आहे.

बांद्र्याला मोत मावलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) पायथ्याशी मेणाच्या वस्तूंचे स्टॉल बघा. हात, पाय, डोळे, पोट, बाळ, घर, हे जुनं. आता विमान आहे, पासपोर्ट आहे. बाई स्टॉलवर येते आणि दुकानदाराला म्हणते, "गुडघ्याचं आहे का?" तो म्हणतो, "गुडघा वेगळा येत नाही, अख्खा पाय घ्या." आमच्या आयने असाच पाय घेतला होता, गुलाबी मेणाचा, पाच बोटं कोरलेली, टाचेला वात. वर माउंटवर जाईपर्यंत उन्हाने बोटं एकमेकांना चिकटली. आय घाबरली, आता हा पाय चालेल का? बाबा म्हणाले, "तुझी बोटं तरी कुठे सरळ आहेत!"

माहीमच्या सेंट मायकल चर्चला दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे ठरावीक प्रार्थना, असतो, १९४८ पासून. लोक चिठ्ठ्या लिहून टाकतात, काही मागणीच्या, काही उपकार मानण्याच्या, आणि त्यातल्या काही माइकवरून वाचून दाखवतात. नोकरी, व्हिसा, जागा, मूलबाळ, नवऱ्याची दारू. हजारो माणसं ऐकतात, त्यात कितीतरी हिंदू, मुसलमान. तिथे उभं राहिलं की कळतं, माणसाला नेमकं काय पाहिजे असतं. युद्ध थांबावं असंही लिहितात, नाही असं नाही. पण चिठ्ठी लिहायला पेन हातात घेतलं की आधी घरभाडंच आठवतं.

आणि आम्ही शेतकरी. ऑक्टोबरात आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. पाऊस कधी पडावा, कधी थांबावा, हे देवाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

देशपांडे मास्तर

भिंगारकरीणताई, पाण्याचं खातं आमच्या देवाने फार पूर्वी सांभाळलेलं आहे. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरलं, तेही बारा वर्षं. जनाबाईकडे दळायला बसला. गोऱ्या कुंभाराच्या घरी मडकी घडवली. आमच्याकडे देव घरकामालाच येतो. त्यामुळे तुमच्या पाळकांना काय खुपलं ते मला कळलं नाही, पण आजी एकदम ओळखीच्या वाटल्या.

जोशीबुवा पुणे ३०

+१ मास्तर.
अवांतर: ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ती भजनं लिहिताना अभंगाची वाट सोडली नाही. तेव्हा आजी आणि जनी यांची भाषा जुळते यात नवल नाही.

तर्कट

सगळे भारावलेत, तेव्हा मी जरा पाणी ओततो.

२६ डिसेंबर २००४. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. तामिळनाडूत वेलंकनीला सुट्टीची गर्दी. त्सुनामी आली. चर्चच्या इमारतीला काही झालं नाही, पण किनाऱ्यावर गेलेले शेकडो यात्रेकरू वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. ही माणसं नवस फेडायला किंवा बोलायला आली होती, म्हणजे तुमच्याच भाषेत, चिंता देवावर टाकून निर्धास्त झालेली. आणि नंतर काही लोक म्हणाले, बघा, चर्च वाचलं, चमत्कार!

माझा प्रश्न साधा आहे. ज्याला बांगड्यांची पावती शोधून देता येते, त्याला लाट दिसली नाही? आणि दिसली असेल, तर पावती कशाला शोधत बसला होता?

खवचट खंडू

झालं. आता शंभरी गाठणार हा धागा.

शिवोलीकार

तर्कटभाऊंचा प्रश्न मोठ्यांसाठी ठेवतो. पावतीवरून आठवलं, काकूंनी चुकीच्या खात्यात अर्ज केलाय. हरवलेल्या वस्तूंसाठी सांत आंतोन. मूळ लिस्बनचा, पादुआला १२३१ मध्ये वारला. त्याचं स्तोत्रांचं पुस्तक एका नवशिक्या साधूने पळवलं, आंतोनने प्रार्थना केली आणि तो पुस्तक घेऊन परत आला, अशी कथा. तेव्हापासून जगातल्या सगळ्या किल्ल्या, चष्मे आणि पासबुकं त्याच्या गळ्यात.

आमच्या गोव्यात शिवोलीच्या चर्चमध्ये आंतोनच्या हातात दोरी आहे आणि दोरीला साप. चर्च बांधताना साप कामगारांना त्रास देत होता, तो आंतोनने पकडला म्हणतात. १३ जूनला फेस्त, म्हणजे सण. माझी आजी वस्तू सापडेना झाली की आंतोनची मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवायची. सापडली की सरळ. माझ्या लहानपणी तो बिचारा बहुतेक वेळ भिंतच बघत होता.

जालन्याचा थॉमस

@शिवोलीकार, आम्ही प्रोटेस्टंट, मधला माणूस ठेवत नाही. थेट अर्ज.

शिवोलीकार

म्हणूनच पावती सापडली नाही, पात्राव.

संपादक

पंथयुद्ध नको. हसत हसत चाललंय तोवर ठीक.

जालन्याचा थॉमस

मी पाळक नाही, एलआयसीत होतो, पण मंडळीत वचन सांगतो अधूनमधून. तरुण पाळकसाहेबांचा मान ठेवून सांगतो, त्यांनी शास्त्राचाच क्रम उलटा केला.

प्रभूची प्रार्थना घ्या. आधी देवाचं नाव, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा. इथपर्यंत पाळकसाहेब बरोबर. पण चौथी मागणी काय आहे? रोजची भाकर. आणि पापांची क्षमा त्यानंतर येते! प्रभूने पोट आधी ठेवलं, पाप मागून. उपाशी माणसाला आधी पश्चात्ताप करायला लावलं नाही.

आता दुसरे राजे, सहावा अध्याय. अलीशा संदेष्ट्याचे शिष्य यार्देनेच्या काठी लाकडं तोडतायत, राहायला जागा लहान पडते म्हणून. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं निसटून पाण्यात पडतं. तो काय ओरडतो? "स्वामी, ती उसनी आणलेली होती हो!" बास. कुणी मेलेलं नाही, राज्य बुडालेलं नाही, आजूबाजूला अरामी राजाशी लढाया चालू आहेत, आणि पवित्र शास्त्रात जागा मिळते ती उसन्या कुऱ्हाडीला. ज्याने शेजाऱ्याची वस्तू हरवलीय त्यालाच त्या ओरडण्याची धग कळेल. अलीशा त्याला "मोठं माग" म्हणत नाही. "कुठे पडली?" असं विचारतो. लाकूड तोडून तिथे टाकतो, लोखंड तरंगतं, आणि म्हणतो, "उचलून घे."

आणि चिमण्यांचा हिशेब बघा. मत्तयात दोन चिमण्या एका दमडीला. लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. म्हणजे चार घेतल्या की पाचवी फुकट, भाजीवर कोथिंबिरीची काडी टाकतात तशी. आणि प्रभू म्हणतो, त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. ज्या पाचवीला बाजारात किंमतच नाही, तीही त्याच्या हिशेबात आहे. आमच्या आजी त्या पाचवीतल्या.

कोपऱ्यावरचा

कुऱ्हाडीची गोष्ट माहीत नव्हती. झकास. वाचनखूण साठवली.

एस्तेर_ठाणे

सगळे आजींच्या बाजूने आहेत, म्हणून मी पाळकांच्या बाजूने लिहिते. मीही ख्रिस्तीच.

"देव तुझी प्रत्येक काळजी वाहतो" हे वाक्य विकणारे लोक तुम्हाला माहीत नाहीत का? मोबाइल उघडला की दिसतात. विश्वासाचं बी पेरा म्हणजे देणगी द्या, शंभरपट मिळेल. गाडी मिळेल, फ्लॅट मिळेल, कर्ज फिटेल. नाही मिळालं तर तुमचा विश्वास कमी पडला. देव कधी चुकत नाही, प्रचारकही चुकत नाही, चुकतो तो पैसे देणारा.

माझ्या मामांना रक्तदाब होता. बाहेरगावचे एक प्रचारक आले, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "बरा झालास, आता गोळी घेशील तर तो अविश्वास." मामांनी गोळ्या बंद केल्या. पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. ते प्रचारक पुन्हा फिरकले नाहीत. मामी आजही त्यांना चमच्याने भरवते, आणि तिला सगळ्यात जास्त काय लागलं तर मंडळीतल्या बायका म्हणाल्या, "विश्वासात कुठेतरी खोट असणार."

त्यामुळे कुणी पाळक "नळाच्या पाण्यापलीकडे बघा" म्हणाला, तर मला बरंच वाटतं. देवाला मागण्यांची यादी देण्याची सवय लागली की यादी पुरी करणाऱ्या दलालाचं फावतं.

मिरजेची सिस्टर

एस्तेरताई, तुमच्या मामींना सांगा, खोट गोळी बंद करायला लावणाऱ्यात होती.

मी नर्स, मिशनच्या दवाखान्यात आयुष्य गेलं. आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायचो, रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, त्याला विचारून. पण प्रार्थना केली म्हणून कुणी भूल द्यायची थांबवली नाही. गोळी घ्या आणि प्रार्थना करा, दोन्ही. याईराच्या मुलीची गोष्ट माझी आवडती. बारा वर्षांची पोर, मेलेली, प्रभूने उठवली. सगळे तोंडात बोट घालून उभे. आणि तो म्हणतो काय, हिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला, तरी पोरीला भूक लागली असेल हे त्याच्याच लक्षात आलं. आम्हा नर्सांना ते बरोबर कळतं. शुद्धीवर आलेल्या पेशंटकडे नातेवाईक रडत बघत बसतात आणि पाणी कुणी विचारत नाही.

@तर्कट, तुमच्या लाटेला माझ्याकडे उत्तर नाही. वॉर्डात मूल गेलं की मी आईला "देवाची इच्छा" असं कधीच म्हटलं नाही. काही सिस्टर म्हणायच्या, मला ते तोंडातून काढवलं नाही. तिचा हात धरून बसायचं, कुणाला फोन करायचा का विचारायचं, चहा आणून द्यायचा, तिने घेतला नाही तर तसाच ठेवायचा.

पण एक सांगते. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसलेल्या बायका काय मागतात ते मी ऐकलंय. सांगोल्याकडची एक बाई होती. नवरा आत, व्हेंटिलेटरवर. मी शेजारी बसले, म्हटलं प्रार्थना करू का, कशासाठी करू? मला वाटलं नवऱ्यासाठी म्हणेल. ती म्हणाली, "पुतण्या पैसे घेऊन निघालाय, त्याला एस्टी मिळू दे." तिच्या डोक्यात तेवढंच मावत होतं. एवढं मोठं संकट समोर असलं की माणसाला हाताला येईल तेवढाच तुकडा धरता येतो. तिला मी "मोठं माग" म्हटलं असतं तर?

आम्ही एस्टीसाठीच प्रार्थना केली.

कोपऱ्यावरचा

_/\_

तर्कट

सिस्टर, तुमचा प्रतिसाद आवडला. उत्तर नाही हे सरळ सांगितलंत त्याबद्दल खास. माझं भांडण तुमच्याशी नाहीच. "चर्च वाचलं" म्हणणाऱ्यांशी आहे.

जालन्याचा थॉमस

@तर्कट, त्या बाबतीत प्रभू तुमच्याच बाजूचा आहे. लूक तेरावा अध्याय. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली. तो विचारतो, ही माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच म्हणतो, नाही. का पडला बुरूज, ते मात्र सांगत नाही. पुढे पश्चात्तापाचं सांगतो, ते पटो न पटो. पण "वाचले ते देवाचे लाडके, मेले ते दोडके" हा हिशेब त्याने तिथेच मोडीत काढला.

केडगाव लाईन

दौंड-पुणे पॅसेंजरने आयुष्य काढलंय, त्यामुळे केडगावबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी हिंदू, पण गावाजवळचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन लहानपणापासून बघतोय.

रमाबाईंच्या, विधवांसाठीच्या शारदा सदनाला सुरुवातीला अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षांची हमी होती. म्हणजे पैसे ठरलेले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. हमी त्यांच्यासाठी नव्हतीच. १९०० च्या सुमारास केडगावात दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. रोज दोन हजार तोंडं! ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र बाईंनी वाचलं होतं, तसं त्यांनीच लिहून ठेवलंय. हा म्युलर हजारो अनाथ मुलांना सांभाळायचा आणि माणसाकडे एक पैसा मागायचा नाही, फक्त देवाकडे. बाईंनी तीच वाट धरली.

पण, आणि हे एस्तेरताईंसाठी, त्यांनी प्रार्थना करून हात बांधून ठेवले नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, तेलाचे घाणे चालवले, छापखाना काढला आणि मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. बायबलचं मराठी भाषांतर बाईंनी स्वतः केलं आणि ते तिथल्याच बायकांनी छापलं. धान्याची काळजी देवावर आणि घाण्याची बैलं आपल्यावर, असा काहीसा कारभार. पुराणकथेत बसणारी बाई नव्हती ती. हिशेब चोख होते.

तर्कट

म्युलरचं एक सांगतो. तो कुणाकडे मागत नसे हे खरं, पण दर वर्षी अहवाल छापायचा. अमक्या दिवशी घरात दूध नव्हतं, प्रार्थना केली, दूध आलं. हे वाचून इंग्लंडभरचे लोक पैसे पाठवायचे. न मागता मागण्याची इतकी चांगली पद्धत दुसरी नसेल.

केडगाव लाईन

मान्य. हा आक्षेप जुना आहे. पण त्या मुलांना दूध मिळालं ना?

तर्कट

मिळालं. दूधवाल्याचे आभार.

जालन्याचा थॉमस

दूधवाल्याला कुणी पाठवलं?

खवचट खंडू

डेअरीने. पुढे चला.

न्यू जर्सीचा नाना

इथे ऑफिसात एक बाई आहेत, पार्किंग मिळालं की "थँक यू जीझस" म्हणतात. रोज. मला गंमत वाटायची. एकदा विचारलं, "बाई, ती जागा तुम्हाला मिळाली म्हणजे मला नाही मिळाली. मीही गणपतीचं नाव घेत फेऱ्या मारत होतो. मग देवाने माझं का नाही ऐकलं?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या लवकर ये."

पण प्रश्न खरा आहे. तलाठी भरतीत जागा मोजक्या. तुमच्या पोराला मिळावी ही प्रार्थना म्हणजे दुसऱ्याच्या पोराला न मिळावी, असंच होतं ना?

भिंगारकरीण

@नाना, आमच्याकडे "पास कर" म्हणत नाहीत. "अभ्यास केलेला आठवू दे, घाबरू देऊ नकोस" असं म्हणतात. निदान मोठ्याने तरी. मनात कोण काय म्हणतं ते देवालाच ठाऊक.

निर्मळचा बाबू

आमच्याकडे केळी आणि सोनचाफा, दोन्ही. बाजूच्याच्या वाडीत भात. ऑक्टोबरात त्याला ऊन पाहिजे, मला पाऊस. दोघं एकाच बाकावर बसून एकाच देवाला उलटसुलट सांगतो. मग मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली की बाहेर एकमेकांना विचारतो, "तू काय मागितलंस?" पाऊस पडला की तो माझ्याकडे रागाने बघतो.

एस्तेर_ठाणे

बाबू, हे वाचून मोठ्याने हसले.

बरं, सिस्टरांचं वाचून एक लिहावंसं वाटलं. माझी मामी प्रार्थना सोडून देईल असं वाटलं होतं. सोडली नाही. पण "मामांना बरं कर" म्हणणं तिने बंद केलंय. आता म्हणते, आज कपडे वाळू देत, आज त्यांना जुलाब नको होऊ देत, आज वेळेवर फिजिओवाला येऊ दे. मला आधी ते हार मानल्यासारखं वाटायचं. बायबलमधल्या प्रेषित पौलाचा शरीरातला काटा निघाला नाही, तीनदा मागूनही. पण तो आणि देव बोलायचे थांबले नाहीत. मामीचं तसं काहीतरी चाललंय. मी अजून पाळकांच्याच बाजूने आहे, फक्त त्यांनी हे आजींना सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं.

देशपांडे मास्तर

सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं, याला जोरदार अनुमोदन. सेमिनरीत हे शिकवत नाहीत का?

जालन्याचा थॉमस

शिकवतात. तिसऱ्या वर्षी. पण कळतं ते पहिली मंडळी मिळाल्यावर.

उशिरा आलेली उषा

सगळा धागा एका दमात वाचला. मी नास्तिक घरातली, पण एक विचारू? आजींनी जे मागितलं ते "पाणी दे" नव्हतं. "माणसाच्या वेळेला यावं" असं होतं. म्हणजे त्यांची तक्रार झोपेची आहे. त्या वयात रात्री दोनला उठून हंडे भरायचे! हे मोठं मागणं नाही का? नगरमध्ये किती घरांत बायका त्या वेळी जाग्या असतील? पाळकांनी "सगळ्या गल्लीसाठी प्रार्थना करू आणि उद्या पालिकेत अर्ज नेऊ" म्हटलं असतं तर?

कोपऱ्यावरचा

उषाताईंनी दांडी उडवली.

भिंगारकरीण

उषाताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आईला वाचून दाखवते.

आईचा फोन झाला, तेव्हा ताजी खबर. गाय व्यायली, कालवड झाली, मंडळीत पेढे वाटले. गुडघा आहे तसाच. परीक्षा पुढे ढकलली. पावती सापडली नाही, पण सोनाराच्या वहीत नोंद होती, आधार कार्ड आणि सही घेऊन त्याने बांगड्या दिल्या. काकूंनी पुढच्या प्रार्थनेत उपकारस्तुती केली.

आणि पाणी आता पहाटे चारला येतं. कुठे तरी लाईन दुरुस्त केली म्हणून वेळ बदलली. यावर मंडळीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, प्रार्थना ऐकली गेली. आजी म्हणतात, "चार ही काय माणसाची वेळ आहे?" त्यांनी विनंती मागे घेतलेली नाही. दर आठवड्याला पाळकांनी "कुणाच्या विनंत्या" म्हणायचा अवकाश, पहिला हात त्यांचाच. पाळक आता वहीत लिहून घेतात, आणि आई म्हणते, प्रार्थनेत पाण्याचं नावही घेतात, जरा घाईघाईने.

खवचट खंडू

दोनाचे चार झाले. देव निम्म्या वाटेत आलाय, आजींनी रेटा सोडू नये.

तर्कट

लाईन दुरुस्त करणाऱ्या कामगाराचेही आभार माना कुणी.

भिंगारकरीण

@तर्कट, मानले. त्या प्रार्थनेत त्यांचाही उल्लेख होता, आईने मुद्दाम सांगितलं. "खड्ड्यात उतरणाऱ्या पोरांना सांभाळ" असं आजीच म्हणाल्या.

न्यू जर्सीचा नाना

जरा अवांतर. सप्टेंबरात मुंबईला येतोय, बायकोला मोत मावलीची जत्रा बघायचीय. ८ तारखेलाच जावं का?

निर्मळचा बाबू

८ ला सण, जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर. रविवार टाळा, पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी सकाळी जा. बांद्रा स्टेशनहून बेस्टच्या जादा गाड्या असतात. रिक्षावाल्याच्या नादी लागू नका, तो अर्ध्यात उतरवेल.

शिवोलीकार

आणि काळे चणे घ्या परत येताना. भाजलेले.

न्यू जर्सीचा नाना

धन्यवाद मंडळी. पार्किंगची सोय आहे का वर?

निर्मळचा बाबू

नाना, गाडी नेऊच नका.